दसऱ्याआधी रंग नको

‘घराला बाहेरून रंग आपणच दिला तर चालतो का? आणि टिकतो का?’ पावसाळा सरत आला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: चालतो आणि टिकतोही. फक्त दसऱ्याआधी देऊ नका.

कोल्हापुरात नवरात्राच्या आत घर उजळून घ्यायची घाई असते, ती समजते. पण जून ते सप्टेंबर आपल्या भिंती पाणी पीत असतात आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधीही गाठतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आत ओलीच असते. तिच्यावर रंग चढवला की ऊन लागल्यावर आतलं पाणी बाहेर यायला बघतं, त्याला वाट मिळत नाही, आणि फुगे धरून पोपडे सुटतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा खरा काळ. खात्री करायची तर हातभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर घट्ट लावा, दुसऱ्या दिवशी काढा. आतून घाम धरला असेल तर अजून थांबा.

थांबलेल्या दिवसांत पाणी येतं कुठून ते शोधा. बहुतेक वेळा ते गच्चीच्या कठड्यावरून, छज्ज्याच्या सांध्यातून किंवा पाइपच्या बगलेतून उतरतं. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे हवा. रस्त्याकडे असेल तर काळे ओघळ नव्या रंगावर येणारच.

पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळ असतंच. तारेच्या ब्रशनं ते खरवडा, मग 1 लिटर पाण्यात 100 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून लावा, रात्रभर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. यात ॲसिड किंवा संडास धुण्याचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. पांढरा लोणा मात्र धुवायचा नाही, कोरड्या ब्रशनं झाडायचा; पाणी मारलं की क्षार विरघळून परत गिलाव्यात शिरतात. 2019 आणि 2021च्या पुराचं पाणी लागलेल्या घरांत जोत्यालगत हे तपासाच.

जुन्या रंगावर तळहात फिरवून बघा. पीठ लागलं तर ते घासून काढल्याशिवाय नवा थर धरणार नाही. केसाएवढ्या भेगा रंगात बुजतात. त्याहून रुंद भेग छिन्नीनं इंग्रजी ‘व्ही’सारखी उघडा, धूळ झाडा आणि बाहेरच्या कामाचा क्रॅक फिलर दाबून भरा. काळ्या मातीवरच्या घरात तीच भेग दर उन्हाळ्यात उघडत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. पुट्टी बाहेरून सगळीकडे फासू नये असं माझं ठाम मत आहे. खड्ड्यांपुरती वापरा, तीही सिमेंटची.

आता हिशोब. समजा, घराचा घेर 110 फूट आणि उंची 20 फूट, म्हणजे 2200 चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 2000. खरबरीत गिलाव्यावर दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे 45 चौरस फूट धरा, म्हणजे 45 लिटर रंग: 20च्या दोन बादल्या, 4ची एक आणि 1चा डबा. रंगाआधीचा प्रायमर एक हात, 25 लिटर. सगळा रंग एकदम आणा आणि बादल्या एकमेकींत मिसळून घ्या, नाहीतर मधल्या भिंतीवर छटा बदललेली दिसते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून. रंग पुरवायला पाणी वाढवलं की दुसऱ्याच पावसाळ्यात भिंत विटते.

वरून खाली या आणि सावलीमागे फिरा: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि सांधे दिसतात. कडा आधी ब्रशनं, लगेच रोलर, आणि भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत नेऊनच थांबा. दोन हातांत निदान 4 ते 6 तास जाऊ द्या.

पेठांतली जुनी, माती-चुन्यात बांधलेली भिंत असेल तर हे सगळं सोडा आणि चुनाच द्या. तिला श्वास लागतो. प्लॅस्टिक रंगाखाली ओल कोंडून ती आतून भुसभुशीत होते.

शिडी टेकवताना तिचे पाय भिंतीपासून उंचीच्या चौथ्या हिश्श्याइतके लांब ठेवा, खाली एक माणूस उभा हवाच. पहिल्या मजल्याच्या वर, किंवा विजेची तार भिंतीजवळून जात असेल तिथे, स्वतः चढू नका. परांची बांधणारा बोलवा आणि तार जवळ असेल तर महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घ्या.