तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे बघायला काय आहे?

भारतातून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. "कॅलिफोर्नियात राहता, पण ना समुद्र, ना मोठं शहर. बघायला आहे तरी काय तिथे?" आमच्याकडे एक तळं आहे. बहुतेक वर्षं ते दिसत नाही, एवढंच.

मी हॅनफर्डला राहते. किंग्ज काउंटीचं हे मुख्य गाव, आपल्याकडे जिल्ह्याचं असतं तसं. १८९३ साली शेजारच्या टुलेरी काउंटीतून ती वेगळी झाली. सॅन वाकीन खोऱ्याचा हा दक्षिणेकडचा भाग, परातीच्या तळासारखा सपाट. पाऊस पडून हवा निवळली की पूर्वेला सिएरा नेवाडाचा बर्फ दिसतो. तिथून किंग्ज, कविया, टूली आणि कर्न या नद्या उतरतात. फार ओलं वर्ष सोडलं, तर त्यांच्या पाण्याला समुद्राकडे वाटच नव्हती. ते इथे साचायचं. त्याचंच टुलेरी सरोवर झालं, मिसिसिपीच्या पश्चिमेचं सगळ्यांत मोठं गोड्या पाण्याचं सरोवर. इथले मूळ रहिवासी ताची योकुट्स लोक त्याला पाआशी म्हणतात. इथल्याच लव्हाळ्याच्या मोळ्या बांधून ते होड्या करत.

मग शेतकरी आले, कालवे खणले, नद्यांचं पाणी वरच्यावर वळवलं. जमीन रेल्वे कंपनीच्या मालकीची; ती सुपीक झाल्यावर कंपनीने शेतकऱ्यांकडे तिचा भाव कितीतरी पट वाढवून मागितला. ११ मे १८८० रोजी मसल स्लू इथे गोळ्या चालल्या, सात माणसं गेली. एकोणिसावं शतक संपेपर्यंत सरोवर आटलं आणि तळावर नांगर फिरला. पुढे नद्यांवर धरणंही झाली.

मी यवतमाळकडची. कापूस म्हटला की ओटी बांधून बोंडं वेचणाऱ्या बायाच डोळ्यांपुढे येतात. इथे आधी पानं गळायचं औषध फवारतात, मग यंत्र फिरतं आणि प्लॅस्टिकात गुंडाळलेले कापसाचे अजस्र गोल गठ्ठे शेतात ओळीने पडतात. पण सरोवराच्या तळाची चिकण माती उन्हात भेगाळते ती थेट आमच्या काळ्या रानासारखी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा खाली बसून मी भेगेत बोटं घातली होती.

२०२३ च्या हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ बेसुमार झाला आणि सरोवर परत आलं. एक लाख एकरांहून जास्त जमीन पाण्याखाली गेली. आम्ही कॉर्कोरन गावाच्या बाजूला बघायला गेलो. डांबरी रस्ता, मधली पिवळी रेघ, आणि ती रेघ सरळ पाण्यात गेलेली. पुढे नुसते विजेचे खांब, त्यांच्यामधून पाणकोंबड्या पोहताहेत. मला भरून आलं. शेत बुडालेल्यांचं दुःख खरं होतं, मजुरांचा रोजगार गेला होता, तरी त्या पाण्याला पूर म्हणायला माझी जीभ रेटेना. ताची लोक काठावर जमून गात होते. त्यांच्या दृष्टीने पाआशी घरी आली होती.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. वर्षानुवर्षं बोअरने पाणी उपसल्यामुळे खालचे चिकणमातीचे थर दबत गेले आणि कॉर्कोरन गावासकट जमीन खचली. दबलेले थर पाऊस झाला म्हणून परत फुगत नाहीत. गावाभोवतीचा बांध २०१७ मध्ये उंच केला होता, २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला.

आता पाणी ओसरलं आहे, पेरण्या झाल्या आहेत. तुम्ही आलात की आधी त्याच रस्त्याने नेईन. खांबांवर गुडघ्याच्या वर चिखलाची रेघ आहे, ती दाखवायची आहे.