अतिथी कोण?

पिठोरी अमावास्येला आई खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरते आणि मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" आपण मागून "मी" म्हणायचं आणि ताट घ्यायचं. माझी चाळिशी उलटली तरी हे चुकलेलं नाही. यंदा त्याच रात्री पडवीत, हापूसच्या रिकाम्या पेटीत, खरेच पाहुणे आले. सकाळी मोजले तर सहा.

ससे भाचीसाठी आणले होते. "दोन्ही माद्याच," असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आदल्या दिवशी त्यातली एक तोंडात पेंढ्याच्या काड्या धरून फिरत होती, मध्येच पोटाचे केस उपटत होती. आईला वाटलं खरूज झाली. ती खोबरेल घेऊन मागे लागली. उपटलेल्या केसांची गादी होणार हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या गादीत ती सहा. उघडीनागडी, गुलाबी, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, एकेक जेमतेम लिंबाएवढं. श्वास घेतला की पूर्ण अंग हलायचं.

आणि त्यांची आई? ती खुशाल दुसऱ्या कोपऱ्यात पाला खात बसलेली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पेटीकडे फिरकली नाही. आमच्या आईचा तोल सुटला. "ह्या आवशीक काय माया आसा की नाय?" गाईचं दूध, कापसाची वात, सगळी तयारी झाली. मी कसंबसं थांबवलं. गाईचं दूध पातळ, सशीचं त्याच्या कितीतरी पट स्निग्ध असतं. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही अंधारात, चार-पाच मिनिटं. एरवी लांब राहते, कारण तिच्या येण्याजाण्याने आणि वासाने शिकाऱ्याला पत्ता लागतो. आमच्या परड्यात मुंगूस रोज फेरी मारतो आणि धामण तर घरचीच, तेव्हा तिचं काही चुकत नव्हतं. आईला हे पटलं नाही. पहाटे बॅटरी घेऊन तिने पिल्लांची पोटं तपासली. ढोलकीसारखी टम्म. तरीही म्हणाली, "पाच मिनटांत काय व्हता?"

चौथ्या दिवशी गणपती. पहाटे पेटीबाहेर एक पिल्लू पडलेलं दिसलं. पिताना आचळाला लटकून बाहेर आलं असणार. हातात घेतलं तर पावसात भिजलेल्या चामड्याच्या बटव्यासारखं गार. शेजारची काकी म्हणाली, "माणसाचो वास लागलो, आता आवस जवळ घेणा नाय." आई सोवळ्यात मोदक वळत होती. तिने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा उकडीकडे, आणि हात पुढे केला. पिल्लू पदरात गुंडाळून ती चुलीपाशी बसली. मोदकपात्रातून वाफ येत होती, बाहेर पाऊस. अर्ध्या तासाने पदरातून एक पाय बाहेर आला, केसाएवढ्या नख्यांचा. मग तोंड हलायला लागलं. आईने ते परत पेटीत ठेवलं, पुन्हा आंघोळ केली आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. नैवेद्याला दीड तास उशीर झाला. काकीच्या अंदाजाप्रमाणे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचंही पोट टम्म होतं.

चाकरमान्यांच्या पोरांनी त्या दिवसांत मखरापेक्षा पडवीत जास्त गर्दी केली, पण डोळे उघडलेले काही त्यांना दिसले नाहीत. ते उघडले एकादशीला, घर रिकामं झाल्यावर. बाबा म्हणाले, रानातल्या सशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, पहिल्या दिवसापासून तयार. ती जात वेगळी, बीळसुद्धा करत नाही. मराठीने मात्र दोघांना ससाच म्हणून टाकलं.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. सशी ज्या दिवशी विते, त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. त्या दुसऱ्या 'मादी'ला आम्ही वेगळ्या खुराड्यात टाकलं होतं खरं, पण सकाळी, पाहुणे मोजून झाल्यावर.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी आई वाडी, म्हणजे पितरांच्या नैवेद्याचं पान, दाखवून पडवीत आली. सहाजण केळीच्या पानाचे तुकडे फाडत होते. सशी तोंडात पेंढा घेऊन फिरत होती. यावेळी आई खोबरेल आणायला गेली नाही. माळ्यावरून हापूसची दुसरी पेटी काढायला मलाच सांगितलं.