राक्षसिणीचे कॉफीचे दुकान

जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील दुपार होती. पावसाने सकाळपासून उसंत दिली नव्हती, राधानगरी धरणाचा आणखी एक स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी मोबाइलवर येऊन पडली होती आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३८ फुटांवर होती. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे आकडे कोल्हापुरात पाढ्यांसारखे पाठ असतात. अशा वेळी शहाण्या माणसाने गॅलरीतील कुंड्या आत घ्याव्यात. मी मात्र एका राक्षसिणीने कॉफीचे दुकान मांडल्याची कादंबरी वाचत बसले होते आणि जुन्या, गळक्या तबेल्याची डागडुजी आता कशी होणार, या तिच्या विवंचनेत पूर्ण बुडाले होते.

ट्रॅव्हिस बाल्ड्री यांची ही ‘लेजंड्स अँड लॅटेज’ २०२२ मध्ये आली आणि ‘कोझी फँटसी’, म्हणजे लढायांऐवजी घरगुती ऊब असलेली अद्भुतकथा, हा शब्द माझ्यासारख्यांच्याही तोंडी बसला. व्हिव ही ऑर्क, म्हणजे सुळे असलेली धिप्पाड राक्षसीण, वर्षानुवर्षे पैसे घेऊन तलवार चालवते. मग ती तलवार भिंतीवर टांगते आणि ज्या गावात कॉफी कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नाही तिथे कॉफी विकायला बसते. गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून फुकट चव द्यावी लागते. पुढे उंदरासारखा दिसणारा एक बुटका आचारी येऊन दालचिनीचे रोल भाजू लागतो. राज्य वाचवायचे नाही, शाप उतरवायचा नाही.

वाचता वाचता मला तालमीशेजारचा चहावाला पैलवान आठवला. लहानपणी आम्ही नदीकडच्या पेठेत राहत होतो आणि रविवारी सकाळी वडील मला त्याच्या दुकानात घेऊन जात. खासबागेच्या मैदानात त्याने एकेकाळी मोठमोठ्या कुस्त्या मारल्याचे सगळे सांगत. त्याचे दोन्ही कान मोडून कणकेच्या गोळ्यांसारखे झाले होते, मान जवळपास नव्हतीच, आणि गोष्टीतले राक्षस असेच दिसत असणार याबद्दल मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. फळीवर साखरेच्या आणि चहापुडीच्या डब्यांमध्ये चांदीचा पत्रा चढवलेली गदा आडवी ठेवलेली असे. त्याच्या पंजात काचेचा पेला दिसेनासा होई, तरी त्याने तो कधी आपटून ठेवल्याचे मला आठवत नाही. माझ्यासाठी तो दूध वेगळे तापवी, दोन पेल्यांत वरखाली करून निववी, साय चमच्याने बाजूला करी आणि पेला आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहून मगच माझ्या हातात देई. एकदा धीर करून मी गदेकडे बोट दाखवले आणि ती कुणाला पाडून मिळाली, असे विचारले.

“सरक की बाळा बाजूला, दूध उतू जायला लागलंय,” एवढेच तो म्हणाला.

कोझी फँटसीची गोडी बहुधा याच जातीची असावी. एरवी कुणी दूध तापवत असेल तर आपण तिकडे पाहतही नाही. मोडल्या कानांचा माणूस तापवू लागला की पाहत राहतो.

अर्थात, या पुस्तकांबाबत माझी एक खोड आहे. खरकटी कोण काढते, हे मी आधी शोधते. टोल्किन यांच्या १९३७ सालच्या ‘द हॉबिट’मध्ये तेरा बुटके बिल्बो या नायकाच्या घरात शिरून त्याचे कोठार फस्त करतात, पण नंतर भांडीही तेच घासतात. पुढे ड्रॅगन सोन्याच्या कितीही मोठ्या ढिगावर झोपलेला असो, माझा त्या पुस्तकावर विश्वास बसला तो त्या घासलेल्या भांड्यांमुळे. अलीकडच्या कित्येक ऊबदार गोष्टींत मात्र केक संपतात आणि बशा आपोआप नाहीशा होतात. घर चालवणाऱ्या बाईला हे पटवून घेणे ड्रॅगनपेक्षा अवघड जाते.

पैलवान गेल्यावर त्याच्या मुलाने दुकान चालू ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली आणि पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण त्याच्याकडे गाळ काढायला गेलो. गदा त्याने वेळीच बाहेर काढली होती. डबे राहिले होते. दुधाच्या पातेल्याच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता आणि बाहेर सगळा संसार रस्त्यावर पडलेला असताना तो मुलगा पायरीवर बसून, अगदी वडिलांच्या सावकाशीने, तो गाळ चमच्याने खरवडत होता. दुकान त्यानंतर उघडले नाही.

ही कादंबरी मला देणाऱ्या भाचीने सांगून ठेवले आहे, “मावशी, शेवटाकडे दुकानावर संकट येतं, पण घाबरू नकोस, सगळं नीट होतं.” नीट होणार हे या पुस्तकांत गृहीतच असते, म्हणून तर ती हातात घ्यायची. तरीही दालचिनीच्या रोलपाशी खूण घालून मी पुस्तक मिटले, त्याला आज चार दिवस झाले. पातळी ४१ फुटांवर आहे. व्हिवचे दुकान उत्तम चालले आहे.