मावशीचं शून्य, माझं अर्धं

मावशीच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला, जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून चिकटवलेलं आहे. त्यावर बॉलपेननं लिहिलंय : ‘संकेश्वरपर्यंत कर्नाटक. पुढं गडहिंग्लज एसटी. येताना तसंच.’ आणि खाली दोन रेघा मारून, ‘थेट गाडीत बसू नये.’

मी श्रावणात आठवडाभर बेळगावला शहापुरात तिच्याकडे राहिले. गाडी नाही, स्कूटर नाही, मिळेल त्या बसनं फिरायचं असं ठरवूनच आले होते. त्या पानाचा अर्थ कळायला मात्र तीन दिवस गेले.

तसा पहिला धडा येतानाच मिळाला होता. कोल्हापूरला बेळगावच्या एसटीत बसले आणि नेहमीच्या सवयीनं ‘एक बेळगाव, अर्धं’ म्हणाले. कंडक्टर मशीनची बटणं दाबता दाबता म्हणाले, “हद्दीपर्यंतच अर्धं, ताई. पुढं पूर्ण.” महाराष्ट्रातली बायकांची निम्म्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, ती राज्याच्या हद्दीपुरती. कागल गेलं, दूधगंगेचा पूल आला, कोगनोळीचा टोलनाका आला. बाहेर उसाचा रंग बदलला नाही, की खड्ड्यांचा आकार बदलला नाही. बदललं ते माझ्या हातातल्या कागदावरचं गणित. निपाणीच्या अलीकडे शेजारच्या आजोबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. १९८१ साली शरद जोशींच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी हाच रस्ता अडवून धरला होता, म्हणाले. बैलगाड्या, चुली, सगळं रस्त्यावर. एवढं सांगून लगेच झोपले.

मावशीचं पुढचं प्रकरण सांगण्याआधी खानापूरकडचा दिवस सांगते, कारण खरं फिरणं त्या दिवशी झालं.

सकाळी सीबीटीवरून खानापूरची गाडी धरली. सीबीटी म्हणजे सेंट्रल बस टर्मिनस, बेळगावात कुणी पूर्ण नाव घेत नाही. पाऊस असा की काचा लावाव्यात तर गुदमरायचं आणि उघडाव्यात तर मांडी भिजायची. माझ्या खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, म्हणून माझा निर्णय आपोआप झाला. देसूर मागं पडल्यावर भात सुरू होतो तो संपतच नाही. बांधावर डोक्यावरून प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका, गुडघाभर चिखलात. खानापूरला मलप्रभेच्या पुलावर गाडी थोडी रेंगाळली, तेव्हा सगळी बस एका बाजूला वाकून पाणी किती चढलंय ते बघत होती. ही नदी वर कणकुंबीत उगम पावते. तिथल्या पावसाचा हिशोब खानापूरचे लोक पुलावरून करतात.

खानापूरहून नंदगड आणि तिथून पुढं हलशी. नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिली. त्याच्या समाधीकडे जाणारी पोरं गाडीतून घोषणा देतच उतरली. त्यांच्यामागं बसलेले दोघे म्हातारे मात्र शुद्ध मराठीत भाताच्या रोगाबद्दल बोलत होते. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावं असं होतं. महाराष्ट्राला ते पटलं नाही, आणि २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. हे मी वाचून गेले होते. गाडीत कुणी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही, कारण करपा जास्त तातडीचा होता.

हलशीचं भूवराह-नरसिंह मंदिर कदंबांच्या काळातलं. एकाच मंडपाला समोरासमोर दोन गाभारे, त्यामुळे एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होते. पुजारी म्हणाले, देव समजून घेतात. काळ्या दगडावर पावसाची ओल आणि आत गुडुप अंधार. मी तिथं तासभर बसले. खरं कारण भक्ती नव्हे, परतीची गाडी यायला तासभर होता.

पण ह्या भागातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट देवळात नाही, ड्रायव्हरच्या शेजारी आहे. इथं दूरच्या गावांना संध्याकाळची शेवटची गाडी मुक्कामाला जाते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शहराकडे निघते. तिला म्हणतात वस्तीची गाडी. कन्नडमध्येही ‘वस्ती बस’च, ह्या एका शब्दावर तरी वाद नाही. एक दिवस मी ती पहाटेची गाडी मधल्या फाट्यावर गाठली. इंजिनच्या झाकणावर, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, डब्यांची रांग. स्टीलचे तीन पुडांचे डबे, फडक्यात बांधलेले. एकाची गाठ वायरच्या तुकड्यानं आवळलेली, एकावर लाल नेलपॉलिशनं पोराचं नाव आणि खाली वसतिगृह लिहिलेलं. बेळगावात शिकणाऱ्या पोरांना आया असं जेवण पाठवतात. इंजिनच्या उबेनं भाकरी मऊ राहते, असं शेजारच्या बाईनं मला गंभीरपणे सांगितलं. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबायची, अंधारातून एक हात वर यायचा, डबा आत यायचा, आणि ड्रायव्हर न बघता तो झाकणावर सरकवून जागा करायचा. एका ठिकाणी बाई धावत येत होती. गाडी पुढं गेली होती, तरी कंडक्टर ओरडला, “होल्डान!” गाडी थांबली.

हे ‘होल्डान’ म्हणजे इंग्रजीतलं ‘होल्ड ऑन’, चघळून मऊ झालेलं. आपल्या एसटीत दोरी ओढून एक टिंग वाजली की गाडी थांबते, इथं तोंडानं होल्डान. निघताना मात्र दोन्हीकडे ‘राइट’च.

बेळगावला पोचल्यावर सीबीटीच्या फलाटावर पाचसहा पोरं डोळे चोळत उभीच होती. डबे त्यांच्या हातात गेले, आदल्या दिवशीचे रिकामे डबे झाकणावर आले. एकानं रिकाम्या डब्यात घडी घातलेली चिठ्ठी टाकली. मोबाइल असताना चिठ्ठी कशाला, असं वाटलं. पैसे असतील, मावशी म्हणाली. किंवा गणिताचे मार्क.

आता तिचा हिशोब. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहे. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास. फुकट असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं, शून्य रुपयांचं, कारण त्या शून्यांच्या बेरजेवर सरकार महामंडळाला पैसे देतं. म्हणून कंडक्टर शून्याचं तिकीट द्यायला पैसे वसूल करायच्या तळमळीनं गर्दीत घुसतो. “आधार तोरिस्री, आधार!” मावशीनं पदराच्या टोकाला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं, दाखवलं, आत ठेवलं. मी माझं काढलं. पत्ता पुण्याचा. कंडक्टरनं माझ्याकडे नव्हे, मावशीकडे बघून मान हलवली, जणू तिच्याच घरी काही कमी आहे.

“तू पैसे भर गे,” मावशी म्हणाली. “माझं शून्य.”

आम्ही गडहिंग्लजला बारशाला निघालो होतो. थेट एसटी मिळाली असती. पण थेट एसटीत बसलं तर कर्नाटकातल्या सगळ्या अंतराचं पूर्ण भाडं पडतं. म्हणून तिचा मार्ग असा : संकेश्वरपर्यंत कर्नाटकच्या गाडीनं शून्यात, तिथं उतरून गडहिंग्लजची एसटी, म्हणजे हद्दीपर्यंतचा तुकडा पूर्ण आणि पुढचं अर्धं. एवढं करून दोन ठिकाणी उभं राहायचं, एकदा भिजायचं. वेळेचा हिशोब तिच्या गणितात धरलेला नाही. “वेळ हाय की,” ती म्हणाली. “पैसा नाही.”

गाडीत काकती, वंटमुरीचा घाट, यमकनमर्डी, हत्तरगी करत बायका चढतच राहिल्या. पुरुष उभे. एक काका दांड्याला लोंबकळत म्हणाले, “आता आम्हीच लेडीज झालो.” कुणी हसलं नाही. बहुधा रोज म्हणत असावेत. माझ्या पुढं बसलेल्या दोघी एकमेकींशी कन्नड बोलत होत्या, फोनवर मराठी आणि कंडक्टरशी दोन्ही. बेळगावच्या मराठीत ‘काय करतोयस’ला ‘काय करूलास’ म्हणतात. पाऊस पडूलाय, गाडी येऊल्या. दोन दिवसांनी माझ्याही तोंडून ‘येऊलो’ निघालं आणि मावशीनं दुरुस्त केलं, बाईमाणसानं ‘येऊले’ म्हणावं.

येताना एसटीनं संकेश्वरला उतरून मावशी पुढच्या गाडीनं बेळगावला गेली. मला चिक्कोडीला मैत्रिणीकडे जायचं होतं. इथं माझी फजिती झाली, आणि चूक पूर्ण माझी. पाट्या कन्नडमध्ये. मावशीनं मला सोपी खूण शिकवली होती : कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लोंबतं. निपाणीला ते लोक ‘निप्पाणी’ म्हणतात, म्हणून प-च्या खाली प लोंबलेला दिसला की निपाणी. चिक्कोडीत क-च्या खाली क. मी संकेश्वरच्या स्टँडवर क-च्या खाली क बघितला आणि अभिमानानं चढले. जागाही मिळाली, तेव्हाच शंका यायला हवी होती. तिकीट मागताना कंडक्टर म्हणाला, “चिक्कोडी अल्ला री, हुक्केरी!”

हुक्केरीतही क-च्या खाली क असतो.

मागचा एक मुलगा मराठीत म्हणाला, “पहिलं अक्षर वाचायचं ओ, लोंबतं ते नव्हे.” बरोबर होतं त्याचं. हुक्केरीला उतरले, जुने घुमट लांबून पाहिले, स्टँडवर मिरचीभजी खाल्ली, चिक्कोडीची गाडी धरली. मैत्रिणीकडे दोन तास उशिरा पोचले. तेव्हापासून मी आधी पहिलं अक्षर बघते, मग पोट.

रायबाग, कुडची, अथणीकडे जायचं राहिलंच. चिंचलीच्या मायाक्काला माघात जा, तेव्हा बघण्यासारखं असतं, असं चिक्कोडीत प्रत्येकानं सांगितलं. सौंदत्तीला यल्लम्माचंही तेच. मार्गशीर्षात कोल्हापूरकडून एसट्या ठरवून लोक येतात, तेव्हा डोंगरावर निम्मे बोर्ड मराठी दिसतात म्हणे.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथं फिरणाऱ्याला ती लागते. सीमेवर काही बिनसलं की पहिल्या थांबतात त्या बसगाड्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या भांडणातून एका कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या गाड्या काही दिवस हद्द ओलांडेनात. तेव्हा मावशी काय करत होती? रिक्षानं हद्दीपर्यंत, चालत पलीकडे, पुढं वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी. चंदगडच्या लोकांना बाजाराला बेळगावच जवळ, रताळी बेळगावच्याच मार्केटला. शिनोळी महाराष्ट्रात, तिच्या अलीकडचं बाची कर्नाटकात, मधे चहाची टपरी. गाड्या थांबल्या म्हणून रताळी थोडीच थांबतात.

निघायच्या दिवशी मावशीनं कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा दिला आणि स्टँडवर यायला निघाली, मी नको म्हटलं. पावसात कशाला. त्यामुळे मी एकटीच, आणि समोर कोल्हापूरची कर्नाटकची गाडी उभी दिसली. पहिलं अक्षर वाचलं, ‘को’च होता. बसले. गाडी काकतीच्या पुढं गेली, कंडक्टर माझ्यापर्यंत पोचला, आणि फोन वाजला.

“कुठली धरलीस?”

“कर्नाटकची.”

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, “अगे खुळे, कर्नाटकच्या गाडीत तुला शून्यही नाही आणि कागलच्या पुढं अर्धंही नाही! निपाणीला उतर. मागनं एसटी येत्या.”

वाचणार होते वीसेक रुपये. निपाणीच्या स्टँडवर पावसात उभं राहून चहा आणि वड्यात ते जाणार होते. फोन स्पीकरवर नव्हता, पण मावशीचा आवाज त्याची वाट बघत नाही. कंडक्टर मशीन धरून थांबला होता.

“निपाणी एक,” मी म्हणाले.

“बेळगावच्या मावशी काय?” त्यानं मराठीत विचारलं, आणि बटण दाबलं.