माग थांबतो तेव्हा

बेळगावच्या वडगावात आमचे चार यंत्रमाग आहेत. माग सुरू झाला की त्याच्या ठेक्यावर 'रामकृष्णहरी' आपसूक बसते, आणि अशी कित्येक वर्षे मी नामात असल्याच्या समाधानात काढली.

एका दुपारी आडवा धागा नेणारा धोटा अडकून ताण्याचे सात-आठ उभे धागे एकदम तुटले. माग थांबला, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत माझ्या ध्यानात आले की ओठ नाम घेत होते खरे, परंतु मन तासभर थकबाकीदार व्यापाऱ्याशी भांडत होते. नाम मी घेत नव्हतो, माग माझ्याकडून वदवून घेत होता.

आमच्या हिंदवाडीत ज्यांच्या नावाचे मंदिर आहे, ते गुरुदेव रानडे 1886 साली जमखंडीत जन्मले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तरी 1957 साली निंबाळला देह ठेवीपर्यंत त्यांचे साधन गुरूंनी दिलेले नाम हेच राहिले. एवढ्या अधिकाराचा दाखला माझ्यासारख्याला पेलत नाही. मला जवळचे वाटतात ते 17 व्या शतकातील पॅरिसच्या कार्मेल या ख्रिस्ती संघाच्या मठातील ब्रदर लॉरेन्स. मठात त्यांच्याकडे स्वयंपाकघर आले, ज्याचा त्यांना मुळातच तिटकारा होता. तरी भांड्यांच्या खडखडाटातही ते देवाशी मनातल्या मनात बोलत. लक्ष ढळले तर ते चूक कबूल करीत आणि खंत उगाळत न बसता पुन्हा देवाकडे वळत.

ही वळण्याची जागा मला तुटलेल्या धाग्यात सापडली. आता धागा तुटला की दोन्ही टोके शोधायची, चिमटीत धरून गाठ मारायची, टोक फणीतून ओढून घ्यायचे, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात, ठेका नसताना, एकदाच पण मनापासून नाम घ्यायचे, असा माझा नेम आहे. शेजारच्या मागावरचा कन्नड कारागीर धागा तुटला की 'अय्यो शिवने' म्हणतो. तो वैताग आहे असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. आता तसे खात्रीने म्हणवत नाही.

नेम रोज पाळला जातो असे मात्र नाही. वीज गेली की चारही माग एकाच वेळी थांबतात, कारखान्यात चिडीचूप होते, आणि अशा वेळी मला अजूनही आधी उद्या द्यायच्या साड्याच आठवतात.