आमची वाटचाल: एक गिअरबॉक्स, दोनदा उतरवलेला

अण्णांचं गॅरेज जीप आणि ॲम्बेसेडरचं. खडखड ऐकून गिअरचा कुठला दात गेलाय ते सांगायचे. ऑटोमॅटिक गाडी दारात आली की मात्र लांबूनच हात जोडायचे. कोल्हापुरात तेव्हा बहुतेक गॅरेजांत हेच चालायचं. टोचन लावा आणि पुण्याला न्या.

2016 साली मी एक जुनी स्कोडा लॉरा घेतली. दोन लिटर डिझेल, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), कंपनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ताकद, 320 न्यूटन मीटर. ताकद वाढवायला इंजिनचं मॅपिंग, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर, बदलून घेतलं आणि आठवडाभर मिशीला पीळ देत फिरलो. मग आंबा घाटात चौथ्या गिअरवर ॲक्सिलेटर दाबला, तर आरपीएमचा काटा चढला आणि गाडी आहे त्याच वेगात. क्लच घसरत होता.

या डीक्यू250 गिअरबॉक्समध्ये ऑइलात बुडालेले दोन क्लच असतात, एकात एक बसवलेले. बाहेरचा क्लच पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स सांभाळतो. आतला दुसरा, चौथा, सहावा. कंपनीनं हा गिअरबॉक्स 350 न्यूटन मीटरसाठी बनवलाय आणि मी त्याच्या डोक्यावर त्याहून जास्त ओझं ठेवलं होतं. एका ठिकाणी विचारलं, तर अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणाले. आकडा ऐकून मी घरी आलो आणि गाडी स्वतःच खोलायची ठरवली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत.

जास्त फ्रिक्शन प्लेटांचा (एकमेकींना घट्ट धरणाऱ्या चकत्यांचा) क्लचपॅक बाहेरून मागवला. नव्वद किलोंवर वजनाचा गिअरबॉक्स जॅकवर घेऊन आम्ही तिघांनी खाली उतरवला. नवा पॅक बसला. तो जागेवर धरणारी कडी, म्हणजे सर्क्लिप, जुनीच घातली, कारण हाताला घट्ट लागत होती. क्लचवरचं झाकणही जुनंच ठोकून बसवलं. ते एकदाच वापरायचं असतं हे वाचलं होतं, पण चांगलं दिसतंय, कशाला टाकायचं?

तिसऱ्या दिवशी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑइल ठिबकायला लागलं. चार पैशांच्या झाकणासाठी पुन्हा सगळं खाली.

या खेपेला उद्यमनगरातले लेथवाले काका बघायला आले. त्यांनी सर्क्लिप हातात घेतली आणि विचारलं, "माप किती घेतलंस?" मी म्हटलं, "काका, घट्ट बसतीय की." ते काही न बोलता दुकानात गेले आणि डायल गेज, म्हणजे बारीक मापाचं काट्याचं यंत्र, घेऊन आले. क्लच वरखाली किती हलतो ते शतांश मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि त्या हिशोबानं सर्क्लिपची जाडी निवडायची. माझी जुनी सर्क्लिप त्या हिशोबात बसत नव्हती. झाकण गळलं म्हणून ते कळलं, नाहीतर नवा पॅकही जाळला असता. झाकण बसवायचं गोल साधन काकांनीच लेथवर काढून दिलं, आजही तेच वापरतो.

लोखंडाचं काम झालं तरी अर्धंच झालं होतं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला टॉर्क त्याच्या मर्यादेबाहेर दिसला की तो इंजिनलाच आवरायला सांगतो. ती मर्यादा आणि क्लचवरचा दाब, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये वाढवावे लागले. मग स्कॅनरनं बेसिक सेटिंग, म्हणजे कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं. त्यानंतर मात्र घाटात काटा आणि गाडी एकत्र चढले.

ही गाडी बघून गिऱ्हाइकं आली, पण दुकान चालतं ते दर 60,000 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलण्यावर. ताकद वाढवायचं काम ट्रॅकच्या गाडीचं असेल तरच घेतो. आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळले पाहिजेत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. मी तेव्हा रस्त्यावरच्या गाडीला जे केलं, ते आज गिऱ्हाइकाला करून देत नाही. यावरून दोन-चार जण रुसून गेलेत.

मे महिन्यात आमचं शटर पहाटे पाचला उघडतं. या गिअरबॉक्सची ऑइल लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल 35 ते 45 अंशांत असताना बघायची असते; जास्तीचं ऑइल खालच्या नळीतून बाहेर येतं. दुपारी उन्हातून आलेली गाडी स्कॅनर जोडेपर्यंतच त्यापुढे गेलेली असते. अण्णा आता खुर्ची टाकून खालच्या नळीकडे बघत बसतात. धार संपून थेंब पडायला लागले की ओरडतात, "लाव बोल्ट!"