खाडा

ठाण्यातल्या बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत भिंतीवर एक कालनिर्णय असते आणि त्यातल्या तारखांच्या चौकोनांत, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, घरातले कोणीतरी बारीक अक्षरांत आपला हिशेब मांडत असते: गॅसचा नवा सिलिंडर कधी लावला, कामाच्या मावशी कधी आल्या नाहीत, दुधाचा खाडा कोणत्या दिवशी झाला. महिनाअखेरीस दूधवाला येतो, खाडे मोजले जातात, तेवढे पैसे वजा होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाची पिशवी नेहमीसारखी दाराच्या कडीला लटकलेली असते. दोन खाडे पडले म्हणून कोणी रतीब बंद करत नाही, आणि आता पाडव्यापासूनच दूध घेऊ असेही कोणी म्हणत नाही.

स्वतःला सुधारण्याच्या बाबतीत मात्र आपण इतके समंजस नसतो. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालायचे, रात्री जेवणानंतर गोड खायचे नाही, झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, असे संकल्प आपण मोठ्या निष्ठेने करतो आणि पहिला खंड पडताच सगळे खातेच मिटवून टाकतो. बुधवारी चुकले की गुरुवार ते रविवार हे चार दिवस सोमवारची वाट पाहण्यात जातात. सोमवार हुकला तर एक तारीख, ती हुकली तर गणपती, पण गणपतीत घरी पाहुणे आणि पानात मोदक, तेव्हा त्यापेक्षा दसरा बरा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. सवयी आळसाने मोडतात असे आपण मानतो. माझ्या पाहण्यात तरी त्या अधिक करून मुहूर्ताच्या हौसेने मोडतात.

यात एका आकड्याचाही हात आहे. सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, हे वाक्य जिमच्या भिंतीपासून व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभात संदेशांपर्यंत सर्वत्र भेटते. त्याचे मूळ साधारणपणे मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनापर्यंत नेले जाते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातले ‘किमान’ गळून पडले आणि नव्या नाकाचा हिशेब लोकांनी पहाटे उठण्याला लावला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्या मानाने कमी लोकप्रिय आहे, कारण त्याचे उत्तर भिंतीवर लिहिण्यासारखे नाही. त्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी, साधी गोष्ट करायला सांगितली, आणि तीही दिवसातल्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून: कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाल्ले, तर कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावले. ती गोष्ट फारसा विचार न करता होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक निराळीच नोंद: एखाद्या दिवशी ती गोष्ट करायची राहिली, तरी सवय मुरण्यात म्हणावा असा फरक पडत नाही.

पाचपाखाडीतल्या कचराळी तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांना हे संशोधन ठाऊक नसले तरी त्यातल्या मुरलेल्या मंडळींचे वागणे नेमके असेच असते. जानेवारीत तिथे नव्या कोऱ्या बुटांची गर्दी उसळते आणि होळीपर्यंत ओसरते. मागे उरतात ते ‘काल दिसला नाहीत?’ एवढेच विचारतात आणि उत्तर पुरे होण्याआधी चालू लागतात. त्यांच्यातले एक सत्तरीचे गृहस्थ झब्ब्याच्या उजव्या खिशात मोजून चिंचोके घेऊन येतात. एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात जातो, आणि उजवा खिसा रिकामा झाला की चालणे संपते. ‘काका, मुलाने घड्याळ घेऊन दिलं नाही का, पावलं मोजणारं?’ असे मी एकदा विचारले. ‘दिलंय की,’ ते म्हणाले, ‘पण ते रागावतं हो. पुतणीच्या लग्नात नाशिकला पंगतीत बसलो होतो, तर मनगटावर थरथरायला लागलं. चिंचोके विचारत नाहीत, कुठे होतात म्हणून.’

त्या घड्याळाला हवी असलेली दहा हजार पावलेदेखील कोणा डॉक्टरने लिहून दिलेली नाहीत. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो आकडा रूढ झाला. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी मध्यम श्रमाच्या व्यायामाची जी १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत, ती दिवसाची नसून आठवड्याची आहेत. आठवड्याचा हिशेब धरला की कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकल अडकून घरी यायला दहा वाजलेली संध्याकाळही त्यात निमूट सामावते.

मी स्वतः एवढेच पाळतो की बारा सूर्यनमस्कारांना वेळ नसेल त्या सकाळी तीन घालावेत, आणि खाडा झालाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बाराच घालावेत, चोवीस नव्हे. भरपाई करणारी माणसे तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसतात. शिवाय चहाचे आधण ठेवण्यापूर्वीची वेळ मी कधी बदलत नाही, कारण घरात चहाचा खाडा होत नाही आणि त्याच्या आधाराने नमस्कारही टिकतात.

अर्थात ही सवलत सरसकट नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशाच, वेळच्या वेळी घ्यायला हव्यात, आणि सिगारेट सोडलेल्याने ‘आज एकच’ म्हणणे हा खाडा नव्हे. आमच्या मजल्यावरच्या मधुमेही शेजाऱ्यांपुढे मी हा विचार मांडला, तेव्हा ते इतके प्रसन्न झाले की त्यांनी जिलेबीची पुडी उघडून ‘आज पथ्याचा खाडा’ असे जाहीर केले. वहिनींनी गेल्या आठवड्यातले सातही वार त्यांना बोटांवर मोजून दाखवले आणि पुडी उचलून आत नेली.